ग्रेटा व्हॅन फ्लीट, झेपेलिन आणि 'रॉकचे तारणहार': नक्कल नेमकी कशाला म्हणायचं?

उनाड_ढग

ग्रेटा व्हॅन फ्लीट हा अमेरिकन रॉक बँड पहिल्यांदा ऐकणारा जवळजवळ प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, "हे लेड झेपेलिनचं कुठलं गाणं? माझ्याकडून कसं सुटलं?" २०१७ साली 'हायवे ट्यून' आलं तेव्हा मीही तेच विचारलं होतं, कारण झेपेलिन म्हणजे सत्तरच्या दशकातला दिग्गज ब्रिटिश रॉक बँड. जेक किश्काची गिटार एकटीच सुरू होते, मागून ड्रम्स येतात आणि मग जॉश किश्का अशी आरोळी ठोकतो की झेपेलिनचा गायक रॉबर्ट प्लांट पुन्हा विशीत गेला की काय असं वाटावं.

पुढचा इतिहास बऱ्याच जणांना माहीत असेल. त्यांच्या 'फ्रॉम द फायर्स' या छोट्या रेकॉर्डला (ईपी) २०१९ मध्ये सर्वोत्तम रॉक अल्बमचं ग्रॅमी मिळालं. त्याच्या काही महिने आधी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, 'अँथम ऑफ द पीसफुल आर्मी' हा पहिला पूर्ण अल्बम आला, त्याला पिचफोर्क या संगीत समीक्षेच्या साइटने दहापैकी १.६ गुण दिले. म्हणजे एकच बँड, तीच चार पोरं, आणि सहा महिन्यांच्या आत एकीकडे 'रॉकचे तारणहार' तर दुसरीकडे 'झेपेलिनची झेरॉक्स'.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ढंग उचलणं हा गुन्हा नाही. ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव गिळणं हा गुन्हा आहे, आणि त्या निकषावर खुद्द झेपेलिनचा हिशोब ग्रेटापेक्षा वाईट निघतो. दुसरं म्हणजे, पहिल्याच अल्बमला डोक्यावर घेणारे आणि पहिल्याच अल्बमला गाडणारे, दोघेही एकाच घाईचे बळी आहेत.

तुम्हाला काय वाटतं?

नागपुरी_रॉकर

घ्या, आला झेपेलिनवर घाव घालणारा! जागा पकडून बसतो.

ड्रमवाला_पुणे

ढगा, 'ढंग उचलणं' म्हणजे काय ते जरा ड्रम्सच्या बाजूने बघू. झेपेलिनचा ड्रमर जॉन बॉनम याचा जो आवाज सगळे शोधत असतात, तो 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' या गाण्याचा. १९७१ सालचा. हॅम्पशायरमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात जिन्याच्या खाली दिवाणखान्याच्या तोंडाशी ड्रम किट मांडलं आणि माइक वर जिन्यात टांगले. जवळ माइक नाहीतच म्हटलं तरी चालेल. त्या जिन्याची उंची, भिंती, सगळं त्या ठोक्यात ऐकू येतं. आज हा आवाज कुठल्याही लॅपटॉपवर दहा मिनिटांत बनवता येतो आणि लोक बनवतातही.

पण बॉनमचा हात बनवता येत नाही. तो स्नेअर ड्रमचा ठोका तालापेक्षा किंचित मागे ठेवतो. घड्याळ लावून पाहिलं तर उशीर म्हणावा, पण अंगाला मात्र वजन जाणवतं. माझ्याकडे शिकायला येणारी पोरं नोटेशन अचूक वाजवतात आणि तरी ते वजन येत नाही, कारण ती मागे राहायला घाबरतात. ग्रेटाचा डॅनी वॅगनर चांगला वाजवतो, पण तो ठोक्याच्या पुढे झुकून वाजवतो. म्हणजे ज्याला लोक झेरॉक्स म्हणतात त्यात पाया वेगळा आहे. लोक गायकाचा आवाज ऐकून निकाल देतात आणि ड्रम्सकडे कान देत नाहीत.

अवांतर: 'लेव्ही' हे मुळात १९२९ सालचं गाणं, मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मकॉय यांचं. तिथे झेपेलिनने मेम्फिस मिनीचं नाव लावलंय. तेव्हा ते नेहमीच नाव गिळायचे असंही नाही.

वकील_ऑन_बास

ड्रमवाला, तुमचा शेवटचा मुद्दा बरोबर, पण ढग यांचा हिशोबही खरा आहे. यादी बरीच मोठी आहे, मी फक्त दोनच प्रकरणं सांगतो.

'होल लॉटा लव्ह'. मडी वॉटर्सने १९६२ मध्ये ब्लूज गीतकार विली डिक्सनचं 'यू नीड लव्ह' गायलं. १९६६ मध्ये स्मॉल फेसेस या ब्रिटिश बँडने ते 'यू नीड लव्हिंग' म्हणून गायलं आणि श्रेय स्वतःकडे घेतलं. प्लांट हा त्यांचा गायक स्टीव्ह मॅरियट याचा भक्त, ते रेकॉर्डिंग ऐकलंत तर १९६९ चा प्लांट कुठून आला ते लगेच कळतं. झेपेलिनच्या रेकॉर्डवर डिक्सनचं नाव नव्हतं. १९८५ मध्ये डिक्सनने दावा लावला, दोन वर्षांनी कोर्टाबाहेर तडजोड झाली आणि आता श्रेयात त्याचं नाव आहे. रिफ, म्हणजे गिटारची पुन्हापुन्हा येणारी छोटी चाल, मात्र झेपेलिनचा गिटारवादक जिमी पेज याचीच, ती कुणी नाकारत नाही.

'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड'. जेक होम्स नावाच्या गायकाने १९६७ मध्ये हे गाणं न्यूयॉर्कमध्ये यार्डबर्ड्स या बँडच्या आधी मंचावर गायलं. त्या वेळी पेज यार्डबर्ड्समध्ये होता. १९६९ मध्ये झेपेलिनच्या पहिल्या अल्बमवर ते फक्त पेजच्या नावावर आलं. होम्सने २०१० मध्ये दावा लावला, पुढे तडजोड झाली, आणि त्यानंतरच्या प्रकाशनांवर 'जेक होम्सवरून प्रेरित' अशी ओळ आली.

याउलट 'स्टेअरवे टू हेवन'. स्पिरिट बँडच्या 'टॉरस'वरून चोरलं असा दावा २०१४ मध्ये लागला. २०१६ मध्ये ज्युरीने झेपेलिनच्या बाजूने निकाल दिला, अपिलात फेरसुनावणीचा आदेश झाला, मग मार्च २०२० मध्ये मोठ्या पीठाने ज्युरीचाच निकाल कायम केला. तिथे मुद्दा होता ए मायनरमध्ये एकेक अर्ध्या स्वराने खाली उतरणाऱ्या बेसचा. ती उतरण्याची चाल शेकडो वर्षं वापरात आहे, ती कुणा एकाच्या मालकीची होऊ शकत नाही. माझ्या मते हा निकाल योग्यच होता. ज्या गोष्टी सगळ्यांच्या आहेत त्यांना कुंपण घातलं तर उद्या कुणीच गाणं लिहू शकणार नाही.

नागपुरी_रॉकर

वकीलसाहेब, सगळं मान्य. पण 'होल लॉटा लव्ह'च्या मधला भाग ऐका ना! तो थेरमिनचा (हात न लावता वाजणारं इलेक्ट्रॉनिक वाद्य) कल्लोळ, आवाज डावीकडून उजवीकडे फिरतो तो. डिक्सनच्या गाण्यात तो कुठे आहे? घेतलं आणि घेतलेल्याला कुठल्या कुठे नेलं. ग्रेटाने झेपेलिनला कुठे नेलं, हा माझा सवाल आहे. नाव घेतलं की सुटले, असं नसतं.

तारषड्ज

मी रॉक फार ऐकत नाही, मुलामुळे कानावर पडतं. पण हा वाद आमच्याकडे शंभर वर्षं चालू आहे म्हणून लिहितो.

कुमार गंधर्व लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून जशाच्या तशा गायचे. हरकती, ताना, अगदी श्वास घेण्याची जागासुद्धा. लोक थक्क व्हायचे आणि त्या वयातच त्यांचं नाव झालं. आज जे 'हाइप' म्हणता, ती त्या काळातही होतीच. त्यानंतर ते मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकले. पुढे क्षयाने आजारी पडून देवासला वर्षानुवर्षं अंथरुणावर होते, गाणं बंद होतं. तिथे माळव्याची लोकगीतं कानावर पडत राहिली, आणि उठल्यानंतर जे गाणं आलं ते कुणाचंच नव्हतं, त्यांचं स्वतःचं होतं. त्यालाही परंपरावाल्यांनी नावं ठेवलीच.

म्हणून नक्कल ही पायरी आहे, असं मी मानतो. तिथे थांबलेला माणूस नकलाकार. पण तिथे उभ्या असलेल्या विशीच्या पोराला पाहून तो तिथेच थांबणार आहे हे आधीच ठरवून टाकणं चूक आहे.

दुसरी गोष्ट. आमच्याकडे गवई गुरूचं नाव घेतो तेव्हा कानाच्या पाळीला हात लावतो. बंदिश कुणाची, कुणाकडून मिळाली, हे मैफलीत सांगतो. घेतलेलं उघडपणे सांगायची ही जी रीत आहे, ती त्या इंग्रज मुलांनी पाळायला हवी होती. मिसिसिपी आणि शिकागोचे ते काळे गवई त्यांचे गुरूच होते.

जुईली_के

तारषड्ज काका, कानाच्या पाळीचं अगदी पटलं. डिक्सन म्हातारपणी कोर्टात जाऊन नाव मिळवतो हे वाचून वाईट वाटतं. आणि तो अमेरिकेतला काळा माणूस आणि हे लंडनच्या स्टुडिओतले गोरे, हा भाग विसरून चालणारच नाही. तिथे 'प्रेरणा' हा शब्द फार सोयीचा झाला.

मिशिगनकर

मी डेट्रॉइटजवळ राहतो, म्हणून थोडी गावाकडची माहिती. फ्रँकनमुथ हे ग्रेटाचं गाव. जर्मन वसाहतीचं छोटं गाव, लाकडी नक्षीची घरं, चिकन डिनरसाठी प्रसिद्ध, आणि वर्षभर ख्रिसमसचं सामान विकणारं एक प्रचंड दुकान. रॉकशी या गावाचा संबंध शून्य. तीन भाऊ आणि त्यांचा मित्र, आईवडिलांच्या जुन्या रेकॉर्डी ऐकत वाढलेली पोरं. बँडचं नावसुद्धा गावातल्या एका वृद्ध बाईंच्या नावावरून घेतलेलं.

यांना मी इथे मंचावर ऐकलंय. गायकाचा आवाज खरा आहे, तो घशातून निघतो, मशीनमधून नाही. त्या रात्री पुढे साठीतले लोक होते आणि त्यांच्या शेजारी पंधरा-सोळा वर्षांच्या मुली होत्या, चेहऱ्यावर चमकी लावून आलेल्या. त्या मुलींना झेपेलिन ऐकायला मिळणारच नव्हतं. बॉनम १९८० मध्ये गेला आणि बँड तिथेच संपला. मग त्यांनी हा आवाज जिवंत कुठे ऐकायचा? पिचफोर्कचा समीक्षक त्या मुलीला काय उत्तर देणार?

आणि प्लांटने स्वतः २०१८ मध्ये यांचं कौतुक केलं होतं, हे तर झेपेलिनच्या पहिल्या अल्बमसारखे वाजतात असं म्हणून. मूळ माणसाला त्रास नाही, मग आपण का चिडायचं?

लंडनचा_पाऊस

मिशिगनकर, तुमच्या भावना समजल्या, पण समीक्षकाचं काम त्या मुलीचं समाधान करणं नाही. त्याचं काम नवीन काय आहे ते सांगणं. 'अँथम'मध्ये नवीन काही नव्हतं. १.६ हा आकडा भडक होता, त्याचाच बोभाटा झाला आणि त्या साइटला ते हवंही होतं, हे मान्य. पण गुणांमागचं म्हणणं खोटं नव्हतं.

हाइपबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण हा कारखाना इथला. एप्रिल १९९२ मध्ये मेलडी मेकर या संगीत साप्ताहिकाने स्वेड या बँडला मुखपृष्ठावर 'ब्रिटनमधला सर्वोत्तम नवा बँड' म्हणून छापलं. तेव्हा त्यांचं एकही गाणं बाजारात आलेलं नव्हतं! पण पुढच्या वर्षी त्यांचा पहिला अल्बम आला आणि त्याला मर्क्युरी पारितोषिक मिळालं. स्वेडवर बोवीची आणि द स्मिथ्सची छाप स्पष्ट होती, तरी तो आवाज त्यांचाच होता. म्हणजे हाइप कधी कधी बरोबरही ठरते. उलट उदाहरण गे डॅड या बँडचं. १९९९ च्या सुमारास त्यांच्याबद्दल रकानेच्या रकाने आले, त्यांचा गायक स्वतः संगीत पत्रकार होता. आज नाव काढलं तर इथल्या लोकांनाही आठवावं लागतं.

साप्ताहिकांचं गणित साधं होतं. दर आठवड्याला मुखपृष्ठ भरायचं, मग दर आठवड्याला कुणीतरी महान हवंच. मेलडी मेकर २००० मध्ये एनएमई या दुसऱ्या संगीत साप्ताहिकात विलीन झालं, एनएमईचा साप्ताहिक छापील अंक मार्च २०१८ मध्ये बंद झाला. कारखाना बंद झाला, पण घाई तशीच राहिली.

रंगभवन८६

वा, धागा रंगलाय. माझी पिढी वेगळी, म्हणून थोडं मागचं.

१९८६ मध्ये धोबी तलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव सुरू झाला. झेव्हियर्सच्या शेजारचं उघडं नाट्यगृह. पाऊस असायचा, सिमेंटच्या पायऱ्या ओल्या, आणि आम्ही भिजलेले तरी हलायचो नाही. त्या काळी बँडने स्वतःचं गाणं सुरू केलं की पब्लिक ओरडायचं, (डीप) पर्पल वाजवा, (आयर्न) मेडन वाजवा! बिचारा गायक स्वतःची दोन गाणी दुसऱ्यांच्या पाच गाण्यांच्या (कव्हर्सच्या) मध्ये लपवून गायचा. रॉक मशीन या इथल्या बँडने १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला, ते त्या वातावरणात किती धाडसाचं होतं हे आजच्या मुलांना सांगूनही कळणार नाही. पुढे तेच इंडस क्रीड झाले.

म्हणून 'मौलिक नाही' असं कुणी म्हटलं की मी विचारतो, ऐकणाऱ्यांनी मौलिक मागितलं होतं का? आम्ही मागितलं नाही. आम्हाला मेडन हवं होतं कारण खरं मेडन येणार नव्हतं. ते आलं थेट २००७ मध्ये, तेही बंगळुरूला.

आणि झेपेलिनवर रागावणाऱ्यांसाठी: १९७२ मध्ये पेज आणि प्लांट मुंबईत आले होते. इथल्या वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ध्वनिमुद्रित केली, कुलाब्याच्या स्लिप डिस्क या क्लबमध्ये वाजवलंसुद्धा. ती ध्वनिमुद्रणं अधिकृतपणे बाहेर आली २०१५ मध्ये. ऐका एकदा, तबला आणि व्हायोलिनं कशी वापरलीत ते. चोर म्हणून हिणवण्याइतकी ती माणसं लहान नव्हती.

जुईली_के

रंगभवन काका, स्लिप डिस्कची गोष्ट माझ्या बाबांकडून हजारदा ऐकलीय, ते तिथे नव्हते तरी! :)

आता माझा मुद्दा. हल्ली नवीन बँड आला की लगेच 'इंडस्ट्री प्लांट', म्हणजे कंपनीने मुद्दाम पेरलेला, असं म्हणायची पद्धत पडलीय. द लास्ट डिनर पार्टी या लंडनच्या मुलींच्या बँडचं बघा. २०२३ मध्ये पहिलं गाणं आलं, २०२४ च्या सुरुवातीला बीबीसीच्या नव्या कलाकारांच्या यादीत पहिल्या, ब्रिट रायझिंग स्टार पुरस्कार, आणि पहिला अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर. लगेच सगळीकडे सुरू झालं, या कंपनीने बनवलेल्या बाहुल्या आहेत. अरे, त्या आधी दीड-एक वर्षं लंडनच्या पबांमधून वाजवत होत्या! एक प्रेक्षक त्यांचे कार्यक्रम चित्रित करून यूट्यूबवर टाकायचा, कंपन्यांचं लक्ष तिथून गेलं. वेट लेग या मुलींच्या बँडलाही हेच ऐकावं लागलं.

याउलट द स्ट्रोक्स हा न्यूयॉर्कचा बँड. २००१ मध्ये ब्रिटिश मासिकांनी त्यांना अक्षरशः देव्हाऱ्यात बसवलं. गायकाचे वडील एका प्रसिद्ध मॉडेलिंग एजन्सीचे संस्थापक. 'लास्ट नाइट'ची सुरुवात टॉम पेटीच्या 'अमेरिकन गर्ल'वरून घेतलीय हे त्यांनी स्वतः कबूल केलं. त्यांना मात्र लोक 'कूल' म्हणाले. मुलींनी गिटार हातात घेतली की तिच्यामागे कुणीतरी पुरुष, कुणीतरी कंपनी असणारच, हे गृहीत धरलं जातं. हा मौलिकतेचा प्रश्न नाहीच.

लंडनचा_पाऊस

जुईली, सहमत. फक्त पेटीबद्दल भर घालतो. त्याने २००६ मध्ये मुलाखतीत सांगितलं होतं की त्याला त्याचं काही वाटलं नाही, उलट पोरांचा प्रामाणिकपणा ऐकून हसू आलं. त्याच वर्षी स्ट्रोक्सना आपल्या कार्यक्रमांआधी वाजवायलाही घेतलं. दावा लावला असता तर वकील_ऑन_बास यांच्यासारख्यांचं भलं झालं असतं.

वकील_ऑन_बास

माझं भलं एका दाव्यावर अवलंबून नाही हो! पण पैशाचा विषय निघालाच आहे तर द व्हर्व या ब्रिटिश बँडचं 'बिटर स्वीट सिम्फनी' सांगतो, कारण यात सगळंच आलं.

१९९७ चं गाणं. त्यातला व्हायोलिनांचा तुकडा घेतला अँड्र्यू ओल्डहॅम ऑर्केस्ट्राच्या ध्वनिमुद्रणावरून, आणि ते ध्वनिमुद्रण होतं रोलिंग स्टोन्सच्या 'द लास्ट टाइम'चं, १९६५ सालचं. परवानगीवरून वाद झाला, आणि शेवटी व्हर्वचा गायक रिचर्ड अ‍ॅशक्रॉफ्ट याच्या गाण्याचे लेखनाचे हक्क आणि पैसे स्टोन्सकडे गेले, श्रेयात जॅगर आणि रिचर्ड्स. बावीस वर्षांनी, २०१९ मध्ये, जॅगर-रिचर्ड्सनी ते हक्क परत केले. आणि ज्या 'द लास्ट टाइम'वरून एवढं रामायण झालं, ते स्वतःच स्टेपल सिंगर्सच्या एका गॉस्पेल गाण्यावर उभं आहे. त्यांना या सगळ्यात काय मिळालं?

म्हणून मी कोर्टाच्या निकालावरून कलेचं मोल ठरवत नाही. कोर्टात ज्याच्याकडे कागद असतो तो जिंकतो.

शिवोलीकर

सगळे लंडन-अमेरिका करताहेत, मी गोव्यातून बोलतो. आमच्या शिवोलीत रेमो फर्नांडिसने १९८४ मध्ये 'गोअन क्रेझी' घरच्या घरी चार ट्रॅकच्या यंत्रावर ध्वनिमुद्रित केला. गिटार, बासरी, आवाज सगळं एकटा. कंपन्यांनी दारं बंद केली होती, तर कॅसेटी स्कूटरवर घालून दुकानादुकानांत स्वतः नेऊन दिल्या. कुठलं मासिक, कुठली हाइप? गोव्यात घराघरांत तो वाजला कारण त्यात आमचे लोक होते, आमचे टूरिस्ट होते, आमची चेष्टा होती. आवाजाची घडण बघाल तर त्यात पाश्चात्य रॉक-पॉप आहे, पोर्तुगीज आहे, कोकणी आहे. कशावरून घेतलं ते उघड दिसतं आणि तरी तो दुसऱ्या कुणाचा वाटत नाही.

मला वाटतं नागपुरी_रॉकरच्या सवालाचं उत्तर इथे आहे. ग्रेटाच्या गाण्यांत फ्रँकनमुथ कुठे आहे? मिशिगनकरांनी चार ओळींत ते गाव दाखवलं, वर्षभर ख्रिसमस असलेलं. त्या पोरांनी तीन अल्बमांत दाखवलं नाही. पंख, आकाश, सूर्य, युद्ध, शांती. ते कुठेही लिहिता येतं.

नागपुरी_रॉकर

शिवोलीकर, हेच! हेच मला म्हणायचं होतं आणि सापडत नव्हतं. आर्क्टिक मंकीज ऐका. पहिल्या अल्बममध्ये शेफील्डची टॅक्सीची रांग आहे, क्लबच्या दारावरचे बाउन्सर आहेत. २००६ मध्ये पहिल्याच आठवड्यात ब्रिटनमध्ये साडेतीन लाखांवर प्रती खपल्या, हाइप काय कमी होती? पण ती हाइप पोरांनीच उभी केलेली. कार्यक्रमात फुकट वाटलेल्या सीडी चाहत्यांनी इंटरनेटवर टाकल्या.

मिशिगनकर

हा आक्षेप मात्र मला अन्यायाचा वाटतो. प्लांटने तरी कुठे आपल्या जन्मगावाबद्दल, वेस्ट ब्रॉमविचबद्दल, गाणी लिहिली? त्याची गाणी व्हायकिंग आणि टोल्किनच्या दुनियेत फिरत होती. गावाबद्दल लिहिलं म्हणजेच खरं, असा नियम केला तर अर्धं रॉक बाद होईल.

शिवोलीकर

मिशिगनकर, मुद्दा चांगला आहे. पण प्लांट त्या दुनियेत वाचून-भटकून गेला होता, वेल्सच्या डोंगरात राहून त्यांनी तिसऱ्या अल्बमची गाणी रचली. ती जागा त्या अकौस्टिक गिटारीत ऐकू येते. मी पत्ता मागत नाही, पोरं कुठे उभी आहेत तेवढं कळावं.

ड्रमवाला_पुणे

आता आमचं दुखणं सांगतो, हाइपचं छोटं रूप.

कॉलेजनंतर आमचा बँड होता. स्वतःची गाणी, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. एका वर्तमानपत्राने पुरवणीत आमच्यावर अर्धं पान छापलं. मथळा होता 'पुण्याचे मेटालिका'. घरच्यांनी कात्रण लॅमिनेट केलं. पण त्यानंतर ज्या आयोजकाचा फोन आला त्याने विचारलं, मेटालिकाची किती गाणी बसवलीत? मराठी गाण्यांचा विषय काढला की पलीकडून शांतता. एका ठिकाणी तर फ्लेक्सवर आमच्या नावाच्या खाली मोठ्या अक्षरांत मेटालिका आणि आमचं नाव बारीक. आम्ही सहा-आठ महिने तेच वाजवलं, कारण पैसे मिळत होते आणि अ‍ॅम्पचे हप्ते होते. मग गायक सोडून गेला. त्याला स्वतःची गाणी गायची होती.

पत्रकाराने कौतुकच केलं होतं, वाईट हेतू मुळीच नव्हता. पण 'अमुकचे तमुक' हा शब्दप्रयोग नव्या बँडच्या गळ्यात बांधला की तो सुटत नाही. ग्रेटाच्या पोरांचं मला म्हणूनच वाईट वाटतं. विशीच्या आसपासचे असताना अख्ख्या जगाने त्यांच्यावर झेपेलिनचा शिक्का मारला. त्यानंतर ते काहीही वाजवोत, लोक झेपेलिनच ऐकणार.

तारषड्ज

ड्रमवाला, फार खरं लिहिलंत. आमच्याकडे 'प्रतिबालगंधर्व' म्हणवले गेलेले कितीतरी गुणी गायक होऊन गेले. त्या उपाधीने त्यांना नाटकं मिळाली, पण स्वतःची नावं मिळाली नाहीत.

बिनतारी

मी उशिरा आलो, सगळं वाचून काढलं. एक गोष्ट कुणीच काढली नाही म्हणून लिहितो.

जून २०२५ मध्ये द व्हेल्वेट संडाउन नावाचा बँड स्पॉटिफायवर आला. सत्तरीच्या दशकातल्यासारखं मऊ सायकेडेलिक रॉक, लांब केसांच्या चार जणांचे फोटो, एकाच महिन्यात दोन अल्बम. बघता बघता महिन्याचे श्रोते दहा लाखांवर गेले. लोकांना शंका आली, कारण या चौघांना कुणी कधी कुठे वाजवताना पाहिलंच नव्हतं. शेवटी त्यांच्या पानावरच कबुली आली की हे सगळं एआयने बनवलेलं आहे.

मी ते ऐकलं. वाईट नाही, आणि हेच भयानक आहे. एकही सूर चुकत नाही, एकही जागा खुपत नाही, आणि गाणं संपल्यावर काही आठवत नाही. इथे नक्कल कुणाची, हेही सांगता येत नाही, कारण हजारो लोकांचं एकत्र दळून घेतलंय. विली डिक्सनला निदान कुणावर दावा लावायचा ते माहीत होतं. यांच्यात ज्यांचं घेतलंय त्यांनी कुणाकडे जायचं?

यानंतर ग्रेटा ऐकताना मला त्यांची नक्कलसुद्धा माणसाची वाटते. जॉशचा आवाज फाटतो, चिरकतो, त्याला तो सांभाळतो.

जुईली_के

बिनतारी, अंगावर काटा आला. आणि तिथे हाइप करायला पत्रकारही लागला नाही. प्लेलिस्टने आपोआप पुढे ढकललं.

लंडनचा_पाऊस

मान्य. मासिकांना मी नावं ठेवली, पण एनएमईच्या माणसाला निदान पबमध्ये जाऊन बँड डोळ्यांनी बघावा तरी लागायचा. तो चुकीचं लिहायचा तरी नाव खाली असायचं, शिव्या कुणाला द्यायच्या ते कळायचं.

ग्रेटाबद्दल माझं मत मात्र बदललेलं नाही. बिनतारींच्या मशीनपेक्षा बरे, एवढ्यावर बँड मोठा होत नाही.

उनाड_ढग

सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नावर परत येतो, कारण नागपुरी_रॉकरचा सवाल अजून उभा आहे: झेपेलिनला कुठे नेलं?

पहिल्या अल्बमपुरतं उत्तर, कुठेच नाही. पण २०२१ चा 'द बॅटल अ‍ॅट गार्डन्स गेट' तुमच्यापैकी कितींनी पूर्ण ऐकलाय? 'हीट अबव्ह' ऑर्गनने उघडतं आणि पहिल्या मिनिटातच गिटार मागे सरकते. झेपेलिनमध्ये गिटार अशी सहजासहजी मागे जात नाही. शेवटचं 'वेट ऑफ ड्रीम्स' जवळजवळ नऊ मिनिटांचं, त्यातला शेवटचा सोलो जेक ज्या पद्धतीने लांबवतो, एकेका स्वरावर थांबत, तो पेजचा घाईतला, थोडा विस्कटलेला हात नाही. २०२३ चा 'स्टारकॅचर' त्यांनी नॅशव्हिलमध्ये निर्माता डेव्ह कॉबबरोबर केला, तो पुन्हा कच्चा आणि जोरकस आहे. मला तो कमी आवडला, पण तो १९६९ मध्ये निघाला असता असं वाटत नाही.

शिवोलीकरांचा आक्षेप मला पटतो. शब्दांत ही पोरं अजून ढगातच आहेत. ते बदललं नाही तर माझाही धीर सुटेल. पण १.६ देणारे आणि ग्रॅमी देणारे, दोघांनीही या दोन अल्बमांची वाट पाहिली नाही, आणि त्यानंतर दोघांचंही लक्ष दुसरीकडे गेलं. माझा राग त्यावर आहे. बँड शिकत असताना ऐकायला कुणी थांबलं नाही.

नागपुरी_रॉकर

ढगा, 'वेट ऑफ ड्रीम्स' आत्ता ऐकलं, हेडफोन लावून. सोलोबद्दल तुझं बरोबर. गाण्याचा पूर्वार्ध मात्र मला अजूनही झेपेलिनच्या 'कश्मीर'च्या सावलीतला वाटतो. अर्धा गुण तुला.

तारषड्ज

मुलाबरोबर बसून हे सगळं क्रमाने ऐकायचा विचार आहे. कुठून सुरू करू?

वकील_ऑन_बास

तारषड्ज, मडी वॉटर्सचं 'यू नीड लव्ह', मग स्मॉल फेसेसचं 'यू नीड लव्हिंग', मग 'होल लॉटा लव्ह', मग 'हायवे ट्यून'. चारही एका बैठकीत, पंधरा-वीस मिनिटांचं काम. मॅरियटचा आवाज ऐकताना मुलाचा चेहरा बघा.

जुईली_के

माझी एक विनंती. ड्रमवाला यांच्यासारखे मराठीत स्वतःची गाणी करणारे बँड आज बरेच आहेत, अभंग रिपोस्टसारखे काही तर संतांचे शब्द रॉकमध्ये गातात आणि कुणाचे शब्द ते सांगून गातात. त्यांच्यासाठी वेगळा धागा काढतेय. तिथे 'अमुकचे तमुक' असं कुणीही लिहू नका. बँडचं नाव, एक गाणं, आणि त्यात तुम्हाला काय ऐकू आलं ते लिहा. ड्रमवाला, तुमच्या बँडचं एखादं मराठी रेकॉर्डिंग उरलं असेल तर पहिलं तेच टाका.

ड्रमवाला_पुणे

आहे. तालमीच्या खोलीतलं, एका माइकवर केलेलं. गायकाला विचारतो, त्याची हरकत नसेल तर रविवारी टाकतो.